सतरा नंबरचा कप

"साहेब, थुंका ना!" किटलीवाल्या बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे तराजूसाहेबांच्या लक्षात आलं की घोट अजून आपल्या तोंडातच आहे.

लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं मांडलेले चोवीस पांढरे कप, प्रत्येकासमोर नंबराची चिठ्ठी. चमच्यानं घोट उचलायचा, सुर्रकन ओढायचा, जिभेवर खेळवायचा, शेजारच्या उंच भांड्यात थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. बत्तीस वर्षं हेच काम. दिवसाला शंभर-शंभर कप चाखले, पण गाडी कधी अडली नव्हती. आज सतरा नंबरपाशी अडली. बाई हातात वाळूचं घड्याळ धरून बघत राहिल्या आणि साहेबांनी तो घोट चक्क गिळून टाकला.

"गिळलात?" बाईंचे डोळे मोठे झाले. "बरं आहे ना तुम्हाला?"

"चुकून गेला."

चुकून कसला! पण बाईंना काय सांगणार?

तराजूसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात त्यांना मागून तराजू म्हणत आणि समोर साहेब. पुढे दोन्हीचं एक झालं. हा माणूस कुणाच्या बाजूनं एवढासुद्धा झुकायचा नाही. मालकाच्या मेव्हण्यानं आणलेली चहाची पेटी त्यांनी दहात दोन गुण देऊन, 'धुळकट' असा शेरा मारून परत पाठवली होती. एकदा त्यांची सोयरीक अगदी जमत आली होती, मुलीकडच्यांनी कौतुकानं चहा दिला आणि हे पटकन बोलून गेले, "पाणी दोनदा उकळलंय." झालं! सोयरीक तिथेच मोडली आणि मग लग्नाचं राहूनच गेलं. जिभेसाठी त्यांनी तंबाखू सोडला, अत्तर सोडलं, दिवसाचा कांदा-लसूण सोडला. दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत, अळणी जेवत आणि गरम पाणी पीत. त्यांना चहा विचारायची कुणाची छाती होत नसे. शेजारीण सगळ्या जिन्याला चहा पाजायची, पण साहेब दिसले की म्हणायची, "तुम्हाला काय बाई आमचा आवडणार!" आणि दार लोटून घ्यायची. साहेबांना अनेकदा म्हणावंसं वाटे, द्या हो, काही नाही बोलणार मी. पण दार लोटलेलं असे.

तर सध्या त्यांच्या चहाच्या कंपनीनं काढली होती स्पर्धा. लोकांनी आपापल्या घरची चहाची मिसळण पाकिटात भरून पाठवायची. जी पहिली येईल ती कंपनी बाजारात आणणार, पाकिटावर करणाऱ्याचं नाव छापून. पाकिटांवर फक्त नंबर. परीक्षक तीन: मॅनेजर, एका मोठ्या हॉटेलचा आचारी आणि तराजूसाहेब. नियमही मॅनेजरनं सकाळीच वाचून दाखवले होते. दहापैकी गुण द्यायचे. सातच्या खाली दिले तर कारण लिहायचं. आणि एखाद्या परीक्षकाला पाकीट ओळखीचं निघालं, तर ते पाकीट बाद.

"वासावरून कोण ओळखणार म्हणा," असंही तो वर हसून म्हणाला होता.

पहिल्या सोळा कपांत कसली कसली सोंगं निघाली. गुलाबाचा चहा, ज्याला साबणाचा वास. स्ट्रॉबेरीचा, ज्याला औषधाचा. एकानं चॉकलेट घातलं होतं. त्याच्यापुढे साहेबांनी लिहिलं, 'चॉकलेट वेगळं खावं, चहा वेगळा प्यावा.' पुदिना बरा होता. लाकडाच्या धुरावर वाळवलेली जुन्या पद्धतीची पत्ती तर फारच छान होती, तिला त्यांनी आठ दिले. आणि मग आला सतरा नंबर.

आधी पत्ती, मग आलं, मग दालचिनी अगदी नावाला. आणि हे सगळं घशाखाली जाता जाता मागून येणारी संत्र्याची साल. नुसती वाळवलेली नव्हे. तव्यावर मंद भाजलेली, कडा तपकिरी होतात न होतात तोच उतरवलेली. अशी साल भाजणारं माणूस साहेबांना उभ्या जगात एकच माहीत होतं. त्यांची वहिनी.

वहिनी लग्न होऊन घरी आली तेव्हा साहेब अकरा वर्षांचे होते. आई नव्हती, वडील फिरतीवर. वहिनी स्वतः जेमतेम वीसची, पण अकरा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'अहो' म्हणायची. शाळेतून आला की पुढ्यात दोन कप ठेवायची. "सांगा बघू भाऊजी, कुठल्यात काय जास्त?" कधी आलं, कधी साखर, कधी नुसतं एका कपाचं पाणी मिनिटभर जास्त उकळलेलं. ओळखलं की टाळ्या वाजवायची. ती जीभ, जिच्यावर पुढे कंपनीनं बत्तीस वर्षं पगार दिला, ती तिथं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तयार झाली होती.

दादा जाऊन आता चार वर्षं झाली होती. मुलगा परदेशी. वहिनी एकटीच राहत होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी साहेब दोन बस बदलून तिच्याकडे जात. आठवड्यात तेवढाच एक चहा ते थुंकत नसत. तेवढंच एक दार त्यांच्यासाठी आतून आपणहून उघडत असे. आणि या बाईनं स्पर्धेत पाकीट घातलं होतं, आणि त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पेन उचललं आणि नऊ लिहायला गेले. नऊच होते ते, दुसरं काही नव्हतंच. पण पेन कागदाला टेकेना.

ओळखलं म्हणून सांगावं, तर पाकीट बाद. वहिनी स्पर्धेतूनच जाईल. नऊ द्यावेत, आणि उद्या पाकिटावर तिचं नाव छापून आलं, आडनाव तेच, मग? मॅनेजर हसेल, आचारी हसेल, मालकाचा मेव्हणा तर पेढीभर सांगत सुटेल की तराजू अखेर झुकला. आणि खरंच झुकला नसेल कशावरून? हे नऊ जिभेचे की पोटातल्या मायेचे? मग त्यांनी हिशेब मांडला. आयुष्यात इतका वेडा हिशेब त्यांनी केला नव्हता. एक गुण मायेचा, तो कमी. एक दादाच्या आठवणीचा, तोही कमी. आणि एक दर रविवारचा. राहिले सहा.

सहा लिहिले. म्हणजे आता कारण लिहायला हवं. चहात खोट शोधून सापडेना. बाई पुढचं पाणी घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी घाईघाईनं लिहून टाकलं, 'सालीचा कडवटपणा शेवटी जिभेवर रेंगाळतो,' खाली सही ठोकली आणि ते अठरा नंबरकडे सरकले.

दोन गुणांनी सतरा नंबरचा पहिला क्रमांक हुकला. पुदिना पहिला आला.

त्यानंतरचे दोन रविवार साहेब वहिनीकडे गेले, पण सांगायचं ते दोन्ही वेळा राहूनच गेलं. वहिनी मात्र नेहमीसारखी बोलत होती, मुलाच्या फोनबद्दल, गुडघ्याबद्दल, खालच्या मजल्यावरच्या भांडणाबद्दल. स्पर्धेचं नाव नाही. निकालाची पत्रं अजून पोचली नसावीत. साहेब चहाचा घोट घेत आणि दर वेळी म्हणत तसं म्हणत, "छान झालाय." वहिनी हसून "बरं" म्हणे.

तिसऱ्या रविवारी वहिनीनं दार उघडलं तेच मुळी हसत.

"या भाऊजी! आज तुमची वाटच बघत होते. बसा, आधी एक गंमत दाखवते."

तिनं टेबलावर कागद ठेवला. सतरा नंबरच्या तिन्ही शेऱ्यांची झेरॉक्स. नावं नव्हती, सह्या झाकल्या होत्या; नुसतं परीक्षक एक, दोन, तीन. नऊ, नऊ, सहा.

"यातले तुम्ही कुठले, सांगू?" वहिनीनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. "तुमचा अभ्यास मी घेतलाय. अक्षर ओळखणार नाही होय?"

"वहिनी, तू स्पर्धेत... मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मग कसली परीक्षा?" वहिनी खुर्ची ओढून समोर बसली. "मला काय बक्षीस हवं होतं? या वयात पाकिटावर नाव छापून काय करू? मला तुमचं मत हवं होतं, भाऊजी. चाळीस वर्षांवर झाली, तुम्ही 'छान' म्हणताय. बाहेर बड्या बड्या लोकांचा चहा थुंकून टाकता आणि माझा गिळता. मला कळत नाही का? माझं मन राखताय, असंच वाटायचं मला. तुमच्या दादांना मी म्हणायचे, भाऊजी मला कधी खरं सांगणार नाहीत. म्हटलं, पाकिटावर नुसता नंबर असतो, पाठवून बघावं. कुणाचा आहे ते कळणार नाही, मग लिहितील खरं काय ते."

"वहिनी, ऐक..."

"अहो, मी रागावले नाहीये! उलट बरं वाटलं. तुमचे सहा म्हणजे काही थोडे नव्हेत. मालकाच्या मेव्हण्याला किती दिले होते? दोन ना?" ती खुदकन हसली. "फक्त एवढंच वाटलं, की इतकी वर्षं कडू लागत होतं तर बोलायचं होतंत. मी लगेच सुधारलं असतं."

साहेब उठून उभे राहिले. कसं सांगावं हे त्यांनी दोन रविवार मनात घोळवलं होतं आणि आता त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"कडू नव्हतं. वहिनी, मी खोटं लिहिलं. मी पहिल्या घोटातच ओळखलं तुझा चहा. नऊ होते त्याला. मी घाबरलो. लोक म्हणतील घरचा म्हणून दिले, म्हणून मी तीन कापले, आणि कारण लिहावं लागतं म्हणून ते सालीचं... ते मी बनवलं. साल हीच तर त्यातली गंमत आहे. माझं 'छान' म्हणजे छानच होतं गं, इतकी सगळी वर्षं."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साहेबांना वाटलं, पटलं हिला.

"किती हो तुम्ही चांगले," ती म्हणाली. "माझ्यासाठी स्वतःवर खोटेपणा ओढून घेताय."

"नाही, वहिनी, खरंच—"

"पुरे. तुम्ही? आणि कागदावर खोटं? तेही सहीनिशी?" तिनं पदरानं डोळे टिपले. "साऱ्या गावाला माहीत आहे तुम्ही कसे आहात ते. तोंडानं काय, माणूस माणसाचं मन राखायला काहीही बोलतं. आत्ता बोलताय तसं. बसा आता."

आयुष्यभर ज्या खरेपणाला जपलं, तोच आता वाट अडवून उभा होता. शपथा घ्याव्यात, तर तिला ती आणखीच माया वाटणार. त्यांनी शेवटचं म्हणून विचारलं, "बरं, माझ्यासाठी आज पहिल्यासारखा कर. सालीचा."

"साल कुठाय?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पत्र आलं त्याच दिवशी टाकून दिली. अख्खी बरणी होती, हिवाळाभराची. कुंडीत घातली, झाडाला तरी लागेल. आता नाही हो मी परत त्या वाटेला जायची."

गॅस पेटला. पाणी उकळायला लागलं, आलं ठेचल्याचा आवाज आला. साहेब खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर, जबाब द्यायला बोलावल्यासारखे. आतून वहिनी सांगत होती की चार दिवस तिनं निरनिराळं करून पाहिलं. बडीशेप घालून पाहिली, मिरं घालून पाहिलं, शेवटी काहीच नको असं ठरवलं. नुसतं आलं आणि दालचिनी.

कप समोर आला. वहिनी बसली नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"आता ऑफिसातल्यासारखा घ्या. लाजू नका. आवाज करून."

साहेबांनी घोट ओढला. आधी पत्ती, मग आलं, मग नावाला दालचिनी. पुढे काही नाही. कुठल्याही दुकानात, कुठल्याही स्टेशनावर मिळाला असता असा चहा. वाईट नाही, कुणाचाच नाही. जीभ सवयीनं मागचं काहीतरी शोधत राहिली. पाच. फार तर साडेपाच.

"किती?" वहिनीनं विचारलं. सत्तरीला टेकलेली बाई, पण निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी बघत होती. "आणि खरं सांगा हं."

तीन आठवड्यांपूर्वी जो आकडा लिहायचा होता, तो तिचाच होता. तो तिला द्यायला आता दुसरी जागा उरली नव्हती.

"नऊ," तराजूसाहेब म्हणाले.

"बघा!" वहिनीनं टाळी वाजवली. "उगाच नाही म्हटलं मी, खरं कळलं की माणूस सुधारतं. तीन गुण वाढले!" ती आत जाऊन पेन्सिल घेऊन आली, त्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात तिनं आलं किती, दालचिनी किती, पाणी किती ते सावकाश लिहिलं आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "आता दर रविवारी असाच करत जाईन. आणखी घेणार?"

साहेबांनी कप पुढे केला.