भिंत आठ इंची

“दार उगवतीला, उंबरा वीतभर,
भिंत आठ इंची, खिडकी तळ्यावर,
धुराडं कोपऱ्यात, छताच्या हातभर वर,
उचल रे भावा ओंडका, दिवस आहे तोवर!”

रीनोकाकांचा हा आवाज हेल्मीच्या कानात बसला तेव्हा ती सात वर्षांची होती. फळ्यांच्या थप्पीवर पाय हलवत, वेलचीचा गोड पाव कुरतडत ती बघत बसायची. काका नकाशा मांडीवर पसरायचे आणि गाऊन दाखवायचे. बाबा खाली मान घालून ओंडक्याला खाच पाडायचे. गाणं संपेपर्यंत कुऱ्हाड थांबायची नाही, आणि खाच कधी चुकायची नाही. सुपीरियर सरोवराच्या त्या काठाला रौटिओ बंधूंनी, म्हणजे या दोघांनी, बांधलेली एकवीस घरं अजून उभी आहेत, एकाचंही दार कुरकुरत नाही.

तीन वर्षांपूर्वी काका गेले आणि बाबांनी नवं घर बांधणं सोडलं. गळकं छप्पर, मोडका धक्का, लोकांची अडलेली कामं तेवढी करायचे. घरामागे पाण्याच्या कडेला काकांनी सौनासाठी पायाचे दगड मांडून ठेवले होते. वाफेची ती खोली वर आलीच नाही. हिवाळ्यात दगड बर्फाखाली जायचे, उन्हाळ्यात त्यांच्या फटींतून रानफुलं डोकवायची.

हेल्मी शहरात वास्तुकला शिकायला गेली ती हे दगड मनात घेऊनच. दुसऱ्या वर्षी वर्गाला काम मिळालं: तुमच्या अंगाला ठाऊक असलेली एक छोटी इमारत संगणकावर उभी करा, मग थ्रीडी छपाईच्या यंत्रातून छापून हातात धरता येईल अशी आणा. तिनं क्षणभरही विचार केला नाही. सौना. त्याच दगडांवर. आणि ती घेऊन घरी जायचं, बाबांपुढं ठेवायची आणि विचारायचं, बांधू या का?

विचारायची भीती होती, त्यालाही कारण होतं. प्रत्येक सुट्टीत ती नकाशांच्या गुंडाळ्या घरी न्यायची. बाबा कागदावर डोळे टेकवल्यासारखे करायचे, म्हणायचे, “छान. रेघा सरळ आहेत,” आणि लाकडं फोडायला निघून जायचे. गेल्या नाताळात तर तिनं चुकून कागद उलटा ठेवला होता. तरी रेघा सरळच होत्या! कागद फिरवून बघण्याइतकीही आपल्या कामाची किंमत नाही, असं वाटून तिनं ती गुंडाळी पुन्हा बांधून ठेवली. हातोडा टाकून संगणक धरल्याचा राग असेल, असा तिनं अर्थ लावला.

सुरुवातीला तर संगणकानंही तिला जुमानलं नाही. माऊस जरा जास्त सरकला की सौना मांजराच्या पिल्लासारखी कोलांटी घ्यायची, तळ वर, छप्पर खाली. मग हळूहळू हात बसला. चौकोन ओढायचा, त्याला बोटानं उचलावं तसं वर खेचायचं, की बाक तयार. आणखी एक खेचला की भट्टी. नकाशातली चपटी रेघ उठून बसते, हे बघताना तिला दर वेळी हसू यायचं. महिन्याभरात सौना पडद्यावर उभी राहिली, तिच्या खिडकीतून तिनं काढलेलं तळंसुद्धा दिसायचं. वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

छपाईच्या कार्यशाळेत मात्र बर्नाडीनचं राज्य होतं. साठीची बाई, चष्मा दोरीला, जीभ रंध्यासारखी. रात्री छपाईला पाठवलेलं मॉडेल न्यायला हेल्मी सकाळी गेली तर बर्नाडीननं तळहात पुढं केला. त्यावर दोन चिमुकले बाक आणि एक भट्टी. बस्स.

“घर कुठंय गं? वाऱ्यानं नेलं?”

“पण पडद्यावर तर सगळं आहे!”

“पडद्यावर असणारच. तिथं काय लागतं? जरा तुझ्या भिंतीच्या कडेकडं बघ.”

हेल्मीनं भिंत आडवी फिरवली. कडेवरून पाहिल्यावर भिंत नाहीशीच झाली. जाडी शून्य. तिनं भिंती ओढल्या होत्या त्या कागदावर रेघ ओढावी तशा, पातळ, निव्वळ पापुद्रे. बाक आणि भट्टी तेवढे भरीव होते, म्हणून यंत्राला दिसले. बाकीचं यंत्राच्या लेखी नव्हतंच.

“रडू नकोस. हुशार पोरं हीच चूक करतात,” बर्नाडीन म्हणाली. “रेघा काढून हात इतका सफाईदार होतो की भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात हेच विसरतात. शुक्रवारपर्यंत मशीन तुझं. किती जाड करणार?”

हेल्मीच्या तोंडून आपोआप निघालं, “भिंत आठ इंची...”

मग ती गुणगुणतच बसली. एकेक भिंत आठ इंच आत खेचली, आणि खोलीचा रंगच बदलला. खिडकीला आतून कट्टा आला, कॉफीचा मग ठेवण्याजोगा. दार भिंतीत खोल गेलं. आत शिरताना एक पाऊल असं पडायचं की माणूस ना बाहेर ना आत. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत अडकवायचे तर खाच हवी, तीही तिनं पाडली. हे सगळं शिकवून ठेवलंय कुणीतरी आपल्याला, कधीच, थप्पीवर बसल्या बसल्या, असं वाटून तिचे डोळे भरले.

“काय मंत्र म्हणतेस?” बर्नाडीननं विचारलं.

हेल्मीनं काकांचं सांगितलं. बर्नाडीननं चष्मा नाकावरून खाली ओढला.

“नकाशा गाऊन वाचायचे? कमाल आहे. दोघांपुढं कागद तोच ना? मग वाचायचा कुणासाठी?”

हेल्मी हसली. “काकांना गाण्याची हौस होती.”

एप्रिलात ती घरी गेली. सहा तास खोकं मांडीवर धरून. तळ्यावरचा बर्फ तडकत होता, भर दुपारी त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. बाबांनी कॉफी ओतली, पाव कापला, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “आण तुझे कागद.”

“कागद नाहीत,” ती म्हणाली, आणि सौना टेबलावर ठेवली.

बाबा वाकले. हात पुसून त्यांनी तर्जनी दारातून आत घातली. मग छप्पर अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि आत बघत राहिले. कॉफी गार झाली. हेल्मीला बोलल्याशिवाय राहवेना.

“दार उगवतीला, बाबा, उंबरा वीतभर. भिंत आठ इंची. खिडकी तळ्यावर...”

बाबांचं बोट खिडकीत थांबलं.

“हा इथला कट्टा,” ते म्हणाले, “कॉफीचा मग ठेवायला?”

“हो.”

“आणि वरच्या बाकावर बसलं की पाणी दिसेल.”

“दिसेल. बाबा, काकांच्या दगडांवर ही बांधू या का?”

बाबा तडकणाऱ्या बर्फाकडं कान लावल्यासारखे बसले. मग छप्पर पुन्हा जागेवर ठेवलं, हळू, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

“बांधू,” ते म्हणाले. “पण तू शेजारी उभी राहून गायला हवंस. मला नकाशा वाचता येत नाही, हेल्मी. कधीच आला नाही. त्या रेघांतून मला घर दिसतच नाही. रीनो गायचा ते माझ्यासाठी, लोकांना कळू नये म्हणून गाणं करून. तुझे सगळे कागद मी बघितले गं, पण तुझं घर मला आज पहिल्यांदा दिसलं.”