चष्मेवाल्याचे चाळीस सेकंद

"काका, माझ्याकडे बघू नका. मी इथे नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखं काम करा."

"रोजच्यासारखं कसं जमेल?" चष्मेवाले काका म्हणाले. "रोज कोणी बघत नसतं."

रीलताई हसली आणि तिने मोबाइलचा स्टँड आणखी थोडा खाली केला. दुकान इतकं अरुंद होतं की स्टँडचा एक पाय गिऱ्हाइकाच्या खुर्चीखाली सरकवावा लागला. काउंटरवर हिरव्या कापडाचा तुकडा, त्यावर चार बारीक स्क्रूड्रायव्हर आणि बाटलीच्या झाकणात मोहरीएवढे स्क्रू. काकांनी काडी निसटलेला एक चष्मा उचलला, मान किंचित तिरकी केली आणि कामाला लागले.

रीलताई हे नाव तिला बाजाराने दिलेलं. आयुष्याची बावीस वर्षं तिने एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या अल्बममधल्या नवऱ्यामुलींच्या गालांवरचे डाग पुसले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिचं वय चव्वेचाळीस. त्या वयात नवी नोकरी कोण देणार? मग तिने छोट्या दुकानदारांसाठी मोबाइलवर व्हिडिओ बनवायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटाचे, फार तर पाऊण मिनिटाचे. दुकानदार म्हणायचे, "ताई, त्या अमक्याचा नाचताना व्हिडिओ आलाय ना, सेम टू सेम तसाच करून द्या." ती सरळ नाही म्हणायची. आधी दोन तास कॅमेरा न काढता दुकानात नुसती बसायची. प्रत्येक धंद्यात एक गोष्ट अशी असते जी फक्त तोच माणूस करतो, असं तिचं म्हणणं. किल्लीवाला नवी किल्ली हातात देण्याआधी कानाशी धरून टिचकी मारायचा. लाँड्रीवाली प्रत्येक शर्टाशी कुरबुरत इस्त्री करायची. रीलताई नेमकं तेवढंच टिपायची. व्हिडिओ काही वणव्यासारखे पसरायचे नाहीत, पण बघणारा त्या दुकानात एकदा तरी डोकावून जायचा.

चष्मेवाल्या काकांच्या दुकानाला एकेचाळीस वर्षं झाली होती. गेल्या वर्षी कोपऱ्यावर काचेचं मोठं चकचकीत दुकान उघडलं आणि काकांकडची वर्दळ आटली. म्हणून त्यांच्या मुलाने रीलताईला गाठलं. तो एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होता, दुकानात फक्त रविवारी यायचा.

"बाबांना एखाद्या गाण्यावर नाचवा," तो म्हणाला होता. "म्हातारी माणसं नाचली की लोक बघतात."

"तुमचे बाबा नाचतात?"

"छे!"

"मग नको."

आणि खरंच, काकांचं नाचण्यापेक्षा बघण्यासारखं काहीतरी होतं. त्यांची बोटं. झाकणातला स्क्रू ते दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलायचे, अंगठ्यावर फिरवून त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते जोखायचे आणि काडीच्या भोकात असा बसवायचे की जणू तो आपल्या पायांनी चालत घरी गेला. गिऱ्हाइकाच्या कानामागून बोट फिरवून सांगायचे, "डावा कान तुमचा गव्हाच्या दाण्याएवढा वर आहे." काचेचा नंबर तपासायच्या यंत्रावर आकडा उमटला की गिऱ्हाइकालाच म्हणायचे, "वाचा बघू काय आलंय!" लोकांना ती थट्टा वाटायची. रीलताईलाही वाटली.

संध्याकाळी घरी ती कापाकापीला बसली. दीड तासाच्या चित्रणातून चाळीस सेकंद काढायचे होते. एका तुकड्यापाशी ती थबकली. त्यात काका स्क्रू बसवत होते आणि त्यांची नजर चष्म्यावर नव्हती, भिंतीवरच्या आरशाच्या कडेवर होती. स्क्रूड्रायव्हर मात्र नेमका खाचेत उतरला. तिने तो तुकडा तीन वेळा मागे घेऊन पाहिला. मग आधीचे तुकडे काढले. तिथेही तेच. ज्या वस्तूवर काम चाललंय, तिच्याकडे माणूस बघतच नव्हता.

हा तुकडा वगळावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण तुकडा सुंदर होता. इतकं सुंदर तिच्या हातून आजवर काही टिपलं गेलं नव्हतं. तिने तोच मधोमध ठेवला, गाणं घातलं नाही, फक्त स्क्रू फिरल्याचा आवाज ठेवला आणि वर ओळ टाकली: बोटांनाही डोळे असतात.

तीन दिवसांत चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. दुकानात नुसते स्क्रू पिळून घ्यायला माणसं येऊ लागली. मुलाने साऱ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला. "ताई, तुम्ही कमाल केलीत," असं दिवसातून दोनदा फोनवर सांगायचा.

पाचव्या दिवशी सकाळी रीलताईची मुलगी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. ती कॉलेजात शिकत होती आणि आईच्या व्हिडिओंवर बहुधा हसायची. आज ती हसत नव्हती.

"आई, खालचं वाचलंस का?"

कोणीतरी लिहिलं होतं: 'या काकांची मान बघा. यांना समोरचं दिसत नाहीये. माझ्या आजोबांचं असंच होतं.' एवढंच. लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नसावा. पण त्याच्याखाली रांग लागली होती. 'म्हणजे आंधळा चष्मे बनवतो?' 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं!' 'काका, आधी स्वतःसाठी एक बनवा.' कोणीतरी तिचेच चाळीस सेकंद उचलून त्याला विनोदी संगीत लावलं होतं, आणि ते मूळ व्हिडिओपेक्षा जास्त चाललं होतं.

तिने आपला व्हिडिओ काढून टाकला. त्याचा काय उपयोग? तो आता तिचा राहिलाच नव्हता.

दुकानात वर्दळ होतीच, पण आता निराळी. 'तरीच माझं डोकं दुखतं' म्हणत लोक जुने चष्मे काउंटरवर आपटू लागले. ज्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई तीस वर्षं पेशंट पाठवत होत्या त्यांचा फोन आला. "तुम्ही मला तरी सांगायचंत," एवढंच बोलून त्यांनी ठेवला. बहुतेक चष्मे ठीकच निघाले. पण एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. व्हिडिओवरचा गोंधळ वाचून तिने मुलीचा चष्मा दुसरीकडे तपासून घेतला होता. डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली होती. तीन महिने पोर डोकं धरून शाळेत जात होती, आणि अभ्यासाचा कंटाळा म्हणून घरी बोलणी खात होती.

काकांनी चष्मा हातात घेतला, दोन्ही काचांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हो. चूक माझी आहे."

बाई ओरडायच्या तयारीने आली होती. तिला ओरडताच येईना. ती रडली, आणि मुलीला ओढत घेऊन गेली.

काकांच्या मुलाने त्या रविवारी रीलताईला दुकानात बोलावलं. अर्ध्या फ्रेम्स खोक्यांत भरून झाल्या होत्या.

"तुम्ही माझ्या बापाचं हसं केलंत," तो म्हणाला. "जागा भाड्याने देतोय मी. एक तारखेपासून मोबाइलची कव्हरं विकणारा येतोय."

त्याचा आवाज आणखी चढला आणि मग एकदम बसला. "एका घरात राहतो आम्ही. एका टेबलाशी जेवतो. बाबा ताटात चाचपून घास उचलतात, हे मला चार लाख लोकांनी सांगायला लागलं."

तो खोकं उचलून बाहेर गेला. काका खुर्चीत बसून होते. रीलताईच्या कानाकडे बघत ते म्हणाले, "बसा. असं कानाकडे बघितलं की तुमचा चेहरा थोडा दिसतो. सरळ बघितलं की जातो. ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा होतो, असला आजार."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. हळूहळू."

तिला आता गप्प बसवेना. "काका, मला दिसलं होतं. व्हिडिओ कापताना. तीन वेळा मागे घेऊन बघितलं मी. कळलं होतं, तरी ठेवलं. चांगलं दिसत होतं म्हणून ठेवलं."

काकांनी हिरव्या कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"मलाही दिसत होतं की मला दिसत नाही," ते म्हणाले. "तरी बसलोच ना या खुर्चीत? वाटायचं, हात आहेत तोवर चालेल. त्या पोरीचे तीन महिने गेले. तुमचा व्हिडिओ नसता तर अजून किती गेले असते, कोण जाणे." मग म्हणाले, "माफ केलं, असं नाही म्हणत मी. तेवढा मोठा नाही मी. पण एक काम करा माझं. अजून एक व्हिडिओ काढा."

तो व्हिडिओही तिने चाळीस सेकंदांचाच केला. त्यात कापाकापी नव्हती. काका खुर्चीत बसून बोलत होते. "गेल्या दीड वर्षात माझ्याकडून ज्यांनी चष्मा घेतला त्यांनी तो तपासून घ्या. कुठेही घ्या. माझी नजर गेली आहे आणि मी ती लपवली. महिनाअखेरपर्यंत मी दुकानात आहे. ज्याचा चष्मा चुकला असेल त्याला दुसरीकडून बदलून देईन."

चार दिवसांनी काकांनी विचारलं, "किती जणांनी बघितला?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "दोनशे अकरा."

"आणि पहिला?"

"लोकांनी उचललेले धरून नऊ लाखांच्या वर."

काका हसले. "बरोबर आहे. यात बघण्यासारखं आहे काय? मग फोनच करावे लागतील. तुम्ही वाचा, मी बोलतो."

अशी रीलताई रोज सकाळी अकरा ते एक दुकानात येऊ लागली. घरी मुलगी म्हणाली, "तुझी बाकीची कामं?" ती म्हणाली, "होतील." खरं तर कामं कमीच झाली होती. किल्लीवाल्याने आपला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं होतं. "ताई, राग नका मानू, पण तुम्हाला जरा जास्तच दिसतं," असं त्याचं म्हणणं. लाँड्रीवालीने काही सांगितलं नाही, पण रीलताई समोरून येताना दिसली की रस्त्याची बाजू बदलायची.

गिऱ्हाइकांची वही जाड पुठ्ठ्याची होती. पहिल्या पानांवरचं अक्षर टपोरं, नेटकं. पुढेपुढे ते मोठं होत गेलं, ओळी सोडून खाली घसरू लागलं. शेवटच्या पानांवर एका नावाला अर्धं पान लागलं होतं. रीलताई नाव आणि नंबर वाचायची, फोन लावून द्यायची. काका नाव ऐकताच सांगायचे, "हां, बसकं नाक. फ्रेम घसरायची." किंवा, "शाळेतल्या बाई. बोलताना काडी चावतात." मग फोनवर तेच ते बोलायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. बहुतेक लोक म्हणत, आमचं ठीक आहे. काही जण फोन आपटत. एकाने विचारलं, "हे रेकॉर्ड करताय का? आम्हाला पण टाकणार का त्यात?"

त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईलाही त्यांनी फोन केला. दुसऱ्या दुकानातून करून घेतलेला नवा चष्मा काकांनी आधीच आपल्या मुलाकरवी तिच्याकडे पोचवला होता. आई फोनवर तुटकपणे म्हणाली, "चष्मा घसरतोय. ते लोक उद्या या म्हणतात."

"आणा इकडे," काका म्हणाले. "काचेला हात लावणार नाही. फक्त काड्या बघतो."

ती येईल असं रीलताईला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आली. स्वतः पायरीवरच थांबली, मुलीला आत पाठवलं. दुकानात आता एक काउंटर आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. भिंतीवरचा आरसाही गेला होता. मुलगी खुर्चीत ताठ बसली.

"तुम्हाला मी दिसते?" तिने विचारलं.

"कडेकडेने," काका म्हणाले. "मला हात लावू देशील?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. काकांनी तिच्या कानांमागून बोट फिरवलं, चष्मा उतरवला, उजवी काडी तळहातांत धरून ऊब दिली आणि हलकेच वाकवली. पुन्हा घातला, पुन्हा काढला. तीन वेळा. रीलताई भिंतीशी उभी होती. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि खालचा ओठ दातांखाली होता.

"टोचतंय?"

"नाही."

"मान खाली घाल. आता उडी मार. पडतोय?"

मुलीने दोन उड्या मारल्या. "नाही पडत."

"चला," पायरीवरून आईचा आवाज आला. मुलगी पळाली. निरोप नाही, आभार नाहीत, बाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

काका उभेच होते, रिकाम्या खुर्चीसमोर. "चष्मा सरळ बसला होता का हो?" त्यांनी विचारलं. "मला ते काही कळत नाही आता."

रीलताई दारात गेली. रस्त्यापलीकडे आईचा हात धरून मुलगी चालली होती आणि दुकानांच्या पाट्या एकामागून एक मोठ्याने वाचत होती. आई तिला गप्प करत होती.

"सरळ होता, काका."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी खुर्ची चाचपली आणि ते बसले.

"अजून किती आहेत?"

"सदुसष्ट."

"वाचा मग पुढचं," ते म्हणाले.

रीलताईने घसरत गेलेल्या अक्षराखाली बोट ठेवलं. एक नाव नीट लागत नव्हतं. तिने वही उजेडाकडे नेली आणि एकेक अक्षर जुळवत ते वाचायला लागली.