दोन बोटांची फट

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ट्रेलर जोडायला लागले की यार्डातले बाकीचे ड्रायव्हर हातातलं काम सोडून बघत. पुढची गाडी, जिला आम्ही घोडा म्हणतो, ते सावकाश मागे घेत आणि ट्रेलरची पिन घोड्याच्या पाठीवरच्या जाड प्लेटच्या, म्हणजे फिफ्थ व्हीलच्या, जबड्यात एका ठोक्यात बसवत. एकतीस वर्षांचा हात होता. नाकावर माशी बसू देत नसत, पण तेवढा तोरा त्यांना शोभायचा.

मला हे काम त्यांनीच शिकवलं आणि शिकवताना चारचौघांत माझी लाज काढायची एकही संधी सोडली नाही. "गाडी पुढे ओढून बघितलीस म्हणजे झालं का? खाली वाक, बॅटरी मार, डोळ्यांनी बघ," हे दिवसातून दहादा ऐकावं लागे. कारण ट्रेलर जरा उंच राहिला तर पिन जबड्यात न शिरता वरच टेकते. तशी गाडी यार्डाबाहेर पडतेसुद्धा. मग कुठल्यातरी वळणावर मागचे वीस टन सुटतात आणि मागून येणाऱ्याचं काही खरं नसतं.

दोन महिन्यांपूर्वी ट्रेलर सोडवताना दाजींनी त्याचे टेकूचे पाय खाली न टेकवताच पिन सोडायचं हँडल ओढलं. घोडा पुढे काढला असता तर ट्रेलर तोंडावर आपटला असता. मी धावत जाऊन थांबवलं. ते हसले, वयाला दोष दिला, मीही हसलो. यार्डाच्या साहेबांना सांगायला हवं होतं, पण मी मूग गिळून बसलो. ताईच्या नवऱ्याला कोणत्या तोंडाने घरी बसवणार? त्याऐवजी मी रोज अर्धा तास लवकर यायला लागलो आणि त्यांची प्रत्येक जोडणी चोरून तपासायला लागलो. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

परवा मला बस मिळायला उशीर झाला. पोचलो तेव्हा दाजी गाडी सुरू करून फाटकापाशी थांबले होते. मी आधी खाली वाकलो. फिफ्थ व्हीलची प्लेट आणि ट्रेलर यांच्यात दोन बोटांची फट होती आणि पलीकडचा उजेड दिसत होता. म्हणजे पिन वरच टेकली होती. बघितलंत का, विचारलं, तर बघितलं म्हणाले. पुन्हा एकदा बघा म्हटल्यावर कुरकुरत उतरले, बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले आणि ठीक आहे म्हणाले. मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांचा हात धरून बोटं त्या फटीत घातली.

त्यांनी बोटं आत-बाहेर केली. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "यात चुकलंय काय, ते सांग ना मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी किल्ली मागितली आणि त्यांनी ती निमूटपणे दिली. साहेबांना सगळं सांगितलं, माझ्या दोन महिन्यांच्या लपवाछपवीसकट. त्यांनी दाजींचं ड्रायव्हिंग त्याच दिवशी बंद केलं.

दाजींना घरी घेऊन गेलो. ते आत जाऊन पडले. ताई दोन शब्द सुनावेल, निदान रडेल, असं धरून मी स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं. ती ओटा पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोडताना, आधी ट्रेलरचा ब्रेक. मग पाय खाली. मग हवेचे पाइप आणि वायर काढायची. मग हँडल. आणि जोडताना, खाली वाकून फट बघायची."

माझी बहीण जन्मात कधी ट्रकमध्ये बसलेली नाही.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "रोज सकाळी चहाच्या आधी हे माझ्यासमोर उभे राहून म्हणून दाखवतात. अडले की मी सांगते. कामावर तरी लक्षात राहील, असं वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू ह्यांना गाडीवरून उतरवलं असतंस."

मी म्हणालो, मलाही माहीत होतं, ताई, मीही तुझ्यासाठीच गप्प होतो. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर त्या वेळी शाळेच्या बस असतात, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

तिने फडकं पिळून वाळत घातलं आणि खुर्चीत बसली.

"उद्या सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहतील," ती म्हणाली. "तेव्हा मी काय करू?"