मनकर्णाबाईंनी वाचलेली मी

मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या पोटात एक भूत आहे. मित्रांनो, भिऊ नका. पुढे ऐका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी पुण्यातल्या एका छापखान्यातून बाहेर पडले. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या बाजारात भाजी विकून परतताना हिंमतरावांनी मला एका पथारीवरून उचललं आणि उंद्रीला नेऊन बायकोच्या हाती दिलं. मनकर्णाबाई चौथी शिकलेल्या. गुळाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत.

माझी गोष्ट अशी आहे. बाळंतपणात वारलेली रेवती दर अवसेला धुक्यातून घरी परतते. घरात आता नवऱ्याची दुसरी बायको नांदते आहे.

मनकर्णाबाईही दुसरेपणावरच आलेल्या. पहिली सत्यभामा, तीही बाळंतपणातच गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, मनकर्णाबाईंच्या गळ्यात असे. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं, अशी रीत होती.

दुपारी शेंगा फोडायला बाया जमत आणि मनकर्णाबाई मला मोठ्याने वाचत. एके ठिकाणी रेवती सवतीचा गळा आवळते, असं छापलं आहे. तिथे त्या जराशा थांबल्या. मग त्यांनी वाचलं, की रेवती चुलीपाशी आली, उतू जाणारं दूध तिने उतरवलं आणि ती निघून गेली. मी चकित झाले. बायांना काहीच कळलं नाही. शेजारची शालूबाई म्हणाली, "पाहा व माय, भूत असून दुधाची राखण करते. आमची जाऊ जित्ती असून साय खाते."

त्यानंतर मी कितीदा तरी वाचली गेले. मनकर्णाबाईंची रेवती कधी रुसायची, कधी टोचून बोलायची, कधी सवतीच्या पोरीची वेणी घालून द्यायची. शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी कधीच वाचलं नाही. त्यात मांत्रिक रेवतीला चिंचेच्या झाडाला खिळतो आणि घर सुखी होतं. तिथवर आलं की त्या मला मिटत. बाया कुरकुरत उठत.

पुढे मनकर्णाबाईंची नजर गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. मुलगी कोकिळा बुलढाण्याला शिक्षिका होती, ती रजा काढून आली. आईने तिला मला वाचायला सांगितलं. लहानपणी ऐकलेलंच वाचायचं, या समजुतीने ती वाचू लागली आणि गळा आवळण्याच्या ओळीपाशी अडखळली. तरी छापलं होतं तेच तिने वाचलं.

"असं नाही हाय ते," आई म्हणाली.

"छापलंच असं हाय, आई."

"छापनाऱ्याले काय मालूम? तीस वर्सं तिचा टाक माह्या गळ्यात हाय. तिनं मले कधी दुखवलं नाही."

 मग आईने शेवटचं प्रकरण मागितलं. म्हणाली, तिचं काय झालं ते आता ऐकू दे, मले जाऊन तिले भेटायचं हाय.

कोकिळाने पान उलटलं. मांत्रिक, खिळे, चिंच, सगळ्यावरून तिची नजर फिरताना मला कळत होती. मग ती वाचू लागली. अवसेला रेवती आली. धाकटीने तिला पाट दिला. एकीने भाकर थापली, दुसरीने शेकली. दोघी एकाच ताटात जेवल्या.

"असंच छापलं हाय?" आईने विचारलं.

"हाव, आई."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. दोन दिवसांनी त्या गेल्या.

आता मी बुलढाण्याला कोकिळाच्या कपाटात असते. ती मला वाळवीपासून जपते, ऊन दाखवते. माझ्यासारख्या हजार प्रती निघाल्या होत्या. त्यामुळे मी कुठे ना कुठे उरेनच. मनकर्णाबाईंचं वाचन मात्र कुठेच छापलेलं नाही. ते एकट्या कोकिळाला पाठ आहे, आणि ती मला मोठ्याने वाचत नाही. सुरुवात करते, पण पहिल्याच ओळीला मला मिटते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मोठ्याने वाचत असेल, तर हातातलं काम घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा. वाचताना ते चुकले, तर त्यांना टोकू नका. चुकलेलं तेवढं लक्षात ठेवा.