मुलगी चावते

"आणि तिने तुला ओळखलंच नाही तर?" वेतुरियाच्या छातीवर नंबराचा कागद टाचत अग्लायाने विचारलं.

"ओळखायची गरज नाही. वाचता आलं की झालं."

"सरळ तोंडावर थुंकून ये की! त्यासाठी पाच किलोमीटर कशाला तंगडतोड?"

"नुसतं थुंकायला मांडवात कोण सोडतंय? दौड पुरी केलेल्यांनाच तिच्यासमोर उभं करतात."

पंचेचाळीस वर्षांची वेतुरिया ब्राइला शहराच्या इस्पितळात चादरी धुवायची. अग्लाया तिथलीच तिची जोडीदारीण. सरकारने तात्पुरत्या घरांत ठेवलेल्या मुलांना कुणीतरी दत्तक घ्यावं, म्हणून शहरात दरवर्षी ही दौड निघे. यंदा पदकं सबिना ततारू घालणार, असं फलकावर वाचलं त्या दिवसापासून वेतुरिया डॅन्यूब नदीच्या काठाने पळू लागली. धाप लागली की तिला तो चेहरा आठवे, आणि पाय पुन्हा उचलत.

वेतुरिया वाढली त्या अनाथालयाच्या ततारूबाई संचालिका होत्या. ती सात वर्षांची असताना गलाट्स शहरातलं एक जोडपं ओळीने तीन रविवार तिला भेटायला आलं. तिसऱ्या खेपेला त्या बाईने बुटांच्या मापासाठी तिची पावलं कागदावर गिरवून नेली. चौथ्या रविवारी कुणीच आलं नाही. आपलं काय चुकलं, याचा विचार वेतुरियाने तेहेतीस वर्षं केला. मग कधीतरी जुन्या फायली बघायची मुभा मिळाली आणि ते एक पान तिच्या हाती आलं.

तिसऱ्या किलोमीटरला तिच्या कुशीत कळ उठली. ती थांबली नाही.

मांडवात ततारूबाई पांढऱ्या टोपीत बसल्या होत्या. "शाब्बास हं, पोरी," म्हणत त्यांनी पदक उचललं. वेतुरियाने मान वाकवली नाही. कमरेच्या पिशवीतून तिने घडी काढली.

"आधी हे वाचा. मोठ्याने."

"चष्मा नाही गं माझ्याकडे."

"आभाराचं पत्र दिसतंय! आणा, मी वाचतो," माइकवरचा तरुण उत्साहाने पुढे आला. "'मुलगी चावते. अंथरूण ओलं करते. जोडप्याला तसं कळवलं.'" त्याचा आवाज उतरला. थांबावं की वाचावं, त्याला कळेना.

"पुढे," वेतुरिया म्हणाली.

"'धुलाईच्या कामाला उपयोगी. दत्तक देऊ नये. सही, सबिना ततारू.'"



"तेव्हा सगळेच असं लिहायचे," ततारूबाई पुटपुटल्या.

"सही तुमची आहे. आणि मी कुणाला चावले नव्हते, बाई. चावायला हवं होतं."

ती बाजूला झाली. रांगेत मागे एक दांडगा गडी होता, दत्तक घेतलेल्या लेकीला खांद्यावर बसवून आलेला. ततारूबाईंनी पदक पुढे केलं. त्याने त्या हाताकडे पाहिलं, टेबलावरचं दुसरं पदक स्वतःच उचललं आणि लेकीच्या गळ्यात घातलं. त्याच्या मागच्या बाईनेही तेच केलं. मग तिच्या मागच्यानेही.

अग्लायाने वेतुरियाचा दंड धरला. "चल आता. झालं ना मनासारखं?"

वेतुरियाचे गाल ओले होते, पण नजर हलली नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "रांगेत अजून चौघं आहेत."