घरभर आवाज

ताईच्या दिवाणखान्यात शिरायला मला चक्क कोपरानं वाट काढावी लागली. सोफ्यावर, खुर्च्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, जिथे टेकता येईल तिथे माणसं बसलेली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. उकडून जीव जात होता, पण पंखा लावायची सोय नव्हती. वाऱ्यानं आत्मा विस्कटतो, असा माईंचा हुकूम होता.

भावोजी गेल्यावर ताईचं सांत्वन करायला म्हणून शेजारणीनं या माईंना आणलं. आल्या सांत्वनाला आणि राहिल्या वरच्या मजल्यावर, एका शिष्यासह.

“शांत राहा. ते आले आहेत,” डोळे मिटून माई म्हणाल्या. “आधी स्वयंपाकघरात जातील. बाईंच्या हातच्या चहाची आठवण झाली आहे त्यांना.”

आणि स्वयंपाकघरातून भावोजी गाऊ लागले.

जन्मभर गाणं शिकवलेला माणूस. तोच किंचित घोगरा आवाज, ओळीच्या शेवटी हसू फुटल्यासारखा. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, पण खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. माई बोट दाखवतील तसं गाणं झोपायच्या खोलीत गेलं, तिथून माळ्यावरच्या खोलीत, तिथून बाथरूममध्ये.

“तिथे त्यांचा सूर जास्त चांगला लागायचा,” ताई रडता रडता हसली.

आवाज प्रत्येक खोलीतल्या छोट्या स्पीकरमधून येत होता, हे कुणी लपवलं नव्हतं. भावोजींच्या आजारपणात माझ्या भाचीनंच ते बसवले होते. फोनपासून तारबीर काही नाही. भावोजींच्या फोनवर गाणं लावलं की ते हव्या त्या खोलीत वाजायचं.

“पण आता तो फोन कुठे आहे?” माईंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “बंद आहे! कपाटात आहे! कपाटाला कुलूप आहे, किल्ली बाईंच्या कमरेला आहे! मग वाजवतं कोण? लेकरांनो, आत्म्याला बोलायला तोंड लागतं. या डब्यांना त्यानं आपलं तोंड केलं आहे!”

गर्दीतून एक मोठा उसासा निघाला. एका बाईनं भीत भीत विचारलं, “आमच्याकडेही असला स्पीकर आहे. त्यात आमचे सासरे येतील का?”

“सासऱ्यांची इच्छा हवी. मी बोलावून बघते.”

“नको नको, राहू द्या,” बाई घाईघाईनं म्हणाल्या.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. भाची उठून दाराकडे निघाली होती. दाराशी स्टुलावर शिष्य शाल पांघरून ध्यान करत बसला होता. तिनं कडीला हात लावला मात्र, घरातल्या सगळ्या खोल्यांतून एकदम भावोजींचा आवाज आला, “थांब. उठू नकोस. बस इथेच.”

भाची परत आली आणि खाली मान घालून आईशेजारी बसली. शिकलीसवरलेली, तरणीताठी मुलगी. लोकांनी हात जोडले.

दुपारी घर रिकामं झाल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि नळ पुरता सोडला.

“असंच बोलायचं. वर ऐकू जातं.”

“काय चाललंय हे?”

“मावशी, मला नोकरी लागली आहे. दुसऱ्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून घेतली, आता ते आणखी थांबणार नाहीत.”

“मग जा की!”

“कशी जाऊ? आई म्हणते, बाबाच नको म्हणतात. साधी भाजी आणायला निघाले तरी ‘थांब’. माई म्हणतात, मुलगी घरात आहे तोवरच ते घरात राहतील, ती गेली की कायमचे जातील. एकदा मी स्पीकरचा प्लग उपटला, तर ‘बापाचा गळा दाबलास’ म्हणून ओरडल्या. आई तिथेच कोसळली. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.” तिनं डोळे पुसले. “मेलेलं माणूस बोलत नाही, हे मला कळतं गं. पण ही नक्कल नाही. आवाज बाबांचाच आहे. तो ऐकला की माझा पाय उचलत नाही.”

“आवाज त्यांचाच असेल, तर तो साठवलेला कुठे आहे?”

“फोनमध्ये. शिकवणीची सगळी रेकॉर्डिंग आहेत. आईनं त्याची एक प्रत माईंना दिली, आत्म्याची ओळख पटावी म्हणून.”

“आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड?”

“पहिल्याच दिवशी मागितला. शिष्याला मोबाईलवर प्रवचनं ऐकायची असतात म्हणे. पण स्पीकर तर बाबांच्या फोनला जोडलेले आहेत ना?”

“ते घरच्या वाय-फायला जोडलेले आहेत. त्या वाय-फायवर जो फोन येईल, त्यावरून ते वाजवता येतात. तुम्ही कायम एकच फोन वापरलात, म्हणून तुला तसं वाटलं.”

मी माझ्या फोनवर ते ॲप घेतलं. घरातल्या सगळ्या खोल्या पडद्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. भाचीनं नळ बंद केला.

मग मी ताईकडे गेले आणि भावोजींचा आवाज एकदा त्यांच्याच फोनवर ऐकावासा वाटतो, असं सांगितलं. तिनं कमरेची किल्ली काढून दिली. ती रात्र मी शिकवणीची रेकॉर्डिंग ऐकण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी टीव्हीमागच्या वाय-फायच्या डबीशेजारी जागा धरली. गाणं रंगात आलं, तशी मी तिचा प्लग काढला. क्षणभर गाणं चाललं आणि ओळीच्या मधोमध तुटलं. शिष्याच्या शालीखाली काहीतरी वळवळू लागलं.

“इथे कुणीतरी अश्रद्ध आहे!” माई गरजल्या.

“मीच ती,” मी प्लग वर धरून म्हणाले. “आत्म्याला वाय-फाय लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.”

कुणीतरी खुदकन हसलं. भाची शिष्यासमोर जाऊन उभी राहिली. “शालीखालचा हात दाखवा.”

“ध्यान मोडेल,” तो पुटपुटला.

“मोडू दे,” म्हणत तिनं शाल ओढली. हातात फोन. पडद्यावर घरातल्या खोल्यांची नावं, त्यांच्याखाली आवाजाचे कापलेले तुकडे: ‘थांब’, ‘ऐक’, ‘उठू नकोस’. फोन हातोहात फिरला.

मी प्लग परत लावला आणि वाय-फाय सुरू झाल्यावर माझ्या फोनवरचं बटण दाबलं. चारी बाजूंनी माझा फाटका आवाज दुमदुमला, “मी मावशी बोलतेय. अजून जिवंत आहे.” बाथरूममधून तो सगळ्यात भयंकर ऐकू आला. लोक पोट धरून हसले.

ताई हसली नाही. मी तिच्याजवळ बसले आणि भावोजींच्या फोनवरचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. आधी लहान मुलीचा आवाज आला, “बाबा, मी जाऊ खेळायला?” मग भावोजी म्हणाले, “थांब. उठू नकोस. बस इथेच. एवढी ओळ गा आणि पळ. मी काय तुला जन्मभर धरून ठेवणार आहे?” मग मुलीनं कशीबशी गायलेली ओळ, आणि धावत गेलेली पावलं.

“ही मी आहे,” भाची म्हणाली.

“आम्ही दिलासाच दिला ना?” माई शाल गोळा करत म्हणाल्या. “या बाई रोज रडायच्या.”

“दिलासा देणारा दाराशी पहारा बसवत नाही. ती बाहेर जाऊन चार जाणत्यांना विचारेल, याचीच तुम्हाला भीती होती,” मी म्हणाले. त्याच दिवशी वरचा मजला रिकामा झाला.

ताई मात्र माईंवर नाही, माझ्यावर चिडली. “तू त्यांना दुसऱ्यांदा नेलंस,” एवढंच बोलली. भाची निघाली त्या सकाळी ताईनं स्वतः खिडक्या उघडल्या आणि मुलीला म्हणाली, “पोहोचलीस की कळव.” माझ्याशी अजून ती नीट बोलत नाही. बोलेल.

आत्मा असतो की नसतो, या वादात मी तुम्हाला ओढत नाही. दुःखात माणसाला गेलेल्याचा आवाज हवासा वाटतो, त्यात लाज कसली? पण तो आवाज तुम्हाला हुकूम सोडू लागला, तर पाया पडण्याआधी उठा, प्लग काढा, कोण कुठे बसलं आहे ते बघा आणि सगळ्यांसमोर विचारा. ज्यानं आपल्यावर माया केली, तो मेल्यावर आपल्याला कोंडायला येत नाही. कोंडणारा जिवंत असतो, आणि बहुतेक वेळा त्याच खोलीत बसलेला असतो.