अस्माआपाच्या मांडीवरचा पट्टा

“आपाच्या मांडीले तो पट्टा किती वेळ आवळून ठेवला होता?”

आपाच्या धाकट्या भावाने, अय्याजने, हे मागाहून डॉक्टरांना विचारलं, सिस्टरला विचारलं, दारावरच्या चौकीदारालाही विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही. मी तोच पट्टा बोलतोय.

गुडघा बदलताना रक्त वाहू नये म्हणून मला मांडीला गुंडाळतात आणि पंपाने माझ्या पोटातल्या रबरी पिशवीत हवा भरतात. आवळलेला पाय फार वेळ तसा ठेवायचा नसतो. म्हणून हवा भरली की सिस्टर समोरच्या फळ्यावर वेळ लिहिते. वेळेवर आवळायचं आणि वेळेवर सोडायचं, एवढंच माझं काम.

यवतमाळच्या एका लहान दवाखान्यात मी किती मांड्या पाहिल्या. वेचणीला वाकून वाकून थकलेल्या बायकांच्या, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हमालांच्या. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांची कुलपं गंजत होती. गुडघे बदलण्याची शिबिरं मात्र भरत होती, आणि पट्टा मी एकटाच.

एकदा माझी पिशवी फुटली. वॉर्डबॉय उकंडा मला लोहाऱ्याच्या रस्त्यावर, अय्याजच्या पंक्चरच्या दुकानात घेऊन गेला.

“उकंडाभाऊ, हे काय आनलं? हत्तीचा कंबरपट्टा हाय काय?”

“दवाखान्यातला हाय. नीट लाव. या शिबिरात तुही आपा बी हाय.”

अय्याजचं हसू थांबलं. आई गेल्यावर अस्माआपानेच त्याला वाढवलं होतं. घर पिंजाऱ्याचं. उकिडवं बसून रजयांना टाके घालताना तिचे गुडघे गेले. खुर्चीवर बसून नमाज पढताना ती कानकोंडी व्हायची.

अय्याजने पिशवी घासली, सोल्युशन लावलं, पॅच दाबला, टपातल्या पाण्यात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

“ट्रकच्या ट्यूबाले असा लावला तं हैदराबादपर्यंत जाते,” तो म्हणाला. पैसे त्याने घेतले नाहीत.

टपात पॅच टिकला होता. अस्माआपाच्या मांडीवर, हवेच्या दाबाने, त्याची कड सुटली. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, “भरा.” सिस्टरने हवा भरली, फळ्यावरची जुनी वेळ पुसली आणि नवी लिहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हवा नव्याने भरली की वेळही नवी लिहायची, अशीच तिथली सवय होती. पुसलेल्या वेळांची बेरीज कुणी केली नाही. मधे मधे मी अर्धवट ढिला पडायचो, तेव्हा पायात रक्त उतरायचं आणि परत वर जात नसे. मला ते जाणवत होतं. मी नुसता धरून होतो.

दुसऱ्या दिवशी आपा वॉकर धरून उभी राहिली. “अय्याज, देख बेटा, उभी हाय मी,” ती म्हणाली, आणि खाली बसली ती उठलीच नाही. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. या ऑपरेशननंतर कुणालाही होऊ शकतं, म्हणाले. खरंही असेल. पण माझ्यामुळे झालं नाही, असं मला म्हणवत नाही. कपाटात घडी घालून ठेवलं तरी मला लाज वाटायची.

आपाला माती दिल्याला फार दिवस झाले नव्हते, तोच उकंडा मला घेऊन पुन्हा दुकानात आला. “लवकर दे. उद्या शिबिर हाय.”

अय्याजने पिशवी बाहेर काढली आणि स्वतःचाच पॅच ओळखला. पाण्यात बुडवली. कडेने बुडबुडे निघत राहिले.

“हा आपाले लावला होता?”

उकंडा टपाकडेच पाहत होता. “एकच तं हाय. हवा उतरे, मंग पुन्हा भरत. सिस्टर दर खेपेले नवी वेळ लिहे.”

“मंग सगळी मिळून किती?”

“थे कोनाले मालूम, बाबू.”

अय्याजचा हात पाण्यातच राहिला. उकंडाने घसा साफ केला. “तू नवा पॅच मार ना. उद्या चार जनी हायेत.”

हे वाचणाऱ्यांनो, हवा कितीदाही भरा, पण फळ्यावरची पहिली वेळ पुसू नका. माझं एवढंच मागणं आहे.

अय्याजने ट्यूब कापायची मोठी कात्री उचलली. उकंडा हात पुढे करेपर्यंत त्याने मला पिशवीसकट, त्या पॅचवरूनच, आडवा कापला. दोन्ही तुकडे उकंडाच्या हातात ठेवले.

“डॉक्टरसायबाले दाखवजो,” तो म्हणाला. “आता याच्यात हवा भरता येत नाई.”